जुळ्यांची वाढ कशी मोजतात?

बाजारात माठ घेताना आई त्यावर टिचकी मारून पाहते, हे तुम्ही पाहिले असेलच. खणखणीत आवाज आला तर माठ चांगला, बद्द आवाज आला तर कुठे तरी तडा गेलेला आहे, असे ती ओळखते. माठ न फोडता त्याच्या अंगातील दोष ओळखण्याची ही युक्ती फार जुनी आहे.

सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडी हे रेल्वेचे जंक्शन. मुंबईहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग येथूनच जातो, आणि लातूर व पंढरपूर-मिरजेकडचे फाटेही येथेच फुटतात. अशा मार्गावर रेल्वेचे कर्मचारी एक छोटी गाडी रुळावरून हळूहळू ढकलीत नेताना कधी कधी दिसतात. ते रुळाला टिचकीच मारीत असतात. मात्र ती आपल्याला ऐकू येत नाही. त्या गाडीतील उपकरण रुळाच्या पोलादात श्राव्यातीत ध्वनी सोडते. मोठ्या मार्गांवरील रुळाची उंची १७२ मिलिमीटर असते आणि पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे ५९०० मीटर वेगाने धावतो. म्हणजे तळापर्यंत जाऊन परत येण्यास त्याला सेकंदाचे सुमारे ५८ दशलक्षांश इतका वेळ लागतो. वाटेत भेग असेल, तर प्रतिध्वनी त्याआधीच परततो आणि कर्मचारी त्या जागी खूण करतात.

हीच युक्ती आईच्या पोटातील बाळ पाहण्यासाठी वापरली जाते. हा नुसता दृष्टान्त नव्हे, तर इतिहास आहे. १९५५ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड हे बॉयलर बनविणाऱ्या एका कारखान्यात गेले. तेथे धातूचे सांधे तपासण्यासाठी असे उपकरण वापरीत असत. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी सोबत नेऊन त्यांनी त्या उपकरणावर तपासून पाहिल्या. पुढे अभियंता टॉम ब्राउन यांच्या साहाय्याने त्यांनी माणसांसाठी यंत्र बनविले आणि १९५८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज आपण जिला सोनोग्राफी म्हणतो तिची सुरुवात ही अशी झाली. त्यापूर्वी पोटात जुळे आहे की काय याची खात्री करण्यासाठी क्ष-किरणांनी छायाचित्र घेत असत. परंतु गर्भावर क्ष-किरण पडल्यास बालवयात कर्करोगाचा धोका वाढतो, असे इंग्लंडमधील ॲलिस स्टुअर्ट यांनी १९५६ ते १९५८ या काळात दाखवून दिले. ध्वनीच्या लहरी क्ष-किरणांप्रमाणे अणूंतील इलेक्ट्रॉन उडवून लावीत नाहीत. म्हणून गर्भाच्या तपासणीसाठी त्या अधिक योग्य ठरल्या.

ऐकू न येणाराच ध्वनी का?

सोनोग्राफीत सुमारे ३.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३५ लक्ष कंपने असलेला ध्वनी वापरतात. साधा आवाज का चालत नाही? शरीराच्या मऊ भागांत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर असतो. वेगाला कंप्रतेने भागले की तरंगलांबी मिळते. आपल्याला ऐकू येणारा १००० हर्ट्झचा स्वर घेतला तर त्याची तरंगलांबी होते १.५४ मीटर. ही लहर बाळाहूनही मोठी झाली! तिच्याने बाळाचे हाड मोजणे म्हणजे हत्तीच्या पायाने मोहरी वेचणे होय. ३.५ मेगाहर्ट्झ ध्वनीची तरंगलांबी मात्र अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते, म्हणून त्याने बारीक तपशील टिपता येतात.

हा ध्वनी निर्माण करणारे स्फटिक एक मौजेचा गुण दाखवितात. त्यांवर विद्युत्‌दाब दिला की ते थरथरतात, आणि बाहेरून आलेल्या लहरीने ते थरथरले की उलट विद्युत्‌दाब निर्माण होतो. या दाबविद्युत परिणामाचा शोध झाक व पिएर क्यूरी या बंधूंनी १८८० साली लावला. एकच स्फटिक येथे तोंडाचेही काम करतो आणि कानाचेही. १० सेंटिमीटर खोलीवरून प्रतिध्वनी परत येण्यास सेकंदाचे सुमारे १३० दशलक्षांश लागतात. यंत्र हा वेळ मोजते, त्यावरून अंतर काढते आणि अशा हजारो ठिपक्यांचे चित्र पडद्यावर उमटविते.

टेप येथे का फसते?

आता मूळ विषयाकडे येऊ. समजा, माढा तालुक्यातील एखाद्या गावी तुमच्या वहिनीला दिवस गेले आहेत आणि जुळे असल्याचे निदान झाले आहे. डॉक्टर तिला दर पंधरा दिवसांनी तपासणीस बोलावतात. घरात कोणी तरी म्हणतेच, ‘‘एकदा सोनोग्राफी झाली ना? मग पुन्हा पुन्हा कशाला? एसटीचे भाडे, यंत्राचे पैसे, दिवसाची खोटी!’’ हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला रास्त उत्तरही आहे.

एकच बाळ असले की नर्सबाई साध्या टेपने पोटावरून गर्भाशयाची उंची मोजतात. विसाव्या आठवड्यानंतर ही उंची सेंटिमीटरमध्ये जवळजवळ आठवड्यांच्या आकड्याएवढी भरते. २८ व्या आठवड्यात सुमारे २८ सेंटिमीटर. किती सोपी कसोटी! पण जुळ्यांच्या बाबतीत टेप दोघांची बेरीज सांगते. साखर कारखान्याच्या काट्यावर दोन बैलगाड्या एकदम उभ्या केल्या, तर एकूण वजन कळेल. कोणत्या गाडीत किती ऊस आहे ते कसे कळणार? एक बाळ जोमाने वाढत असेल आणि दुसरे मागे पडत असेल, तरी बेरीज ठीकच दिसते. आईच्या वजनाचेही तसेच. म्हणून जुळ्यांत प्रत्येक बाळ स्वतंत्रपणे मोजावे लागते, आणि ते काम ध्वनीच करू शकतो.

बाळाला तराजूत तर घालता येत नाही. मग डॉक्टर पडद्यावर त्याच्या डोक्याची रुंदी व घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजतात. या मापांवरून वजनाचा अंदाज देणारी सूत्रे आहेत. अमेरिकेतील हॅडलॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली दिलेली सूत्रे जगभर वापरली जातात. या मापांत पोटाच्या घेराला विशेष महत्त्व आहे. बाळाला पोषण कमी पडू लागले की शरीर मेंदूला सांभाळून घेते आणि यकृतातील साठा आधी आटतो. यकृत असते पोटात, म्हणून पोटाचा घेर आधी मागे पडतो.

वाढ म्हणजे वजाबाकी

येथे भौतिकशास्त्रातील एक धडा उपयोगी पडतो. कोणतेही मापन अचूक नसते. यंत्र चांगले आणि हात अनुभवी असला, तरी गर्भाच्या वजनाच्या अंदाजात सुमारे १० टक्के चूक राहू शकते. आता गणित करून पाहू.

हॅडलॉक यांच्या तक्त्यानुसार २८ व्या आठवड्यात गर्भाचे सरासरी वजन सुमारे १२१० ग्रॅम, २९ व्यात १३८० ग्रॅम आणि ३० व्यात १५६० ग्रॅम असते. म्हणजे एका आठवड्यात वाढ होते सुमारे १७० ग्रॅम. पण पहिल्या मापात सुमारे १२० ग्रॅम आणि दुसऱ्यात सुमारे १४० ग्रॅम चूक असू शकते. वजाबाकी करताना वजने वजा होतात, चुका मात्र वजा होत नाहीत. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन चुका काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंप्रमाणे एकत्र येतात. त्यांचा परिणाम कर्णाएवढा असतो. पायथागोरसचा सिद्धान्त लावा. १२० चा वर्ग १४,४०० आणि १४० चा वर्ग १९,६००. बेरीज ३४,०००. तिचे वर्गमूळ सुमारे १८४.

पाहिलेत? वाढ १७० ग्रॅमची आणि चूक १८४ ग्रॅमची! आठवड्याने मोजून वाढ ठरवू गेलो, तर नीट वाढणारे बाळ खुंटलेले दिसेल आणि खुंटलेले बाळ ठणठणीत दिसेल. दोन आठवडे थांबलो, तर वाढ ३५० ग्रॅमची होते आणि चूक सुमारे २०० ग्रॅमची. आता वाढ चुकीच्या वर डोके काढते. तीन-चार आठवड्यांनी ती आणखी स्पष्ट दिसते.

तेव्हा वजनाची दोन मापे निदान पंधरा दिवसांच्या अंतराने घ्यावी लागतात. आणि ‘एकदाच’ मोजले तर? मग वाढ कळतच नाही. एकाच मापाने कळतो तो आकार. वाढ ही दोन मापांची वजाबाकी आहे, आणि एका संख्येची वजाबाकी करता येत नाही.

जुळ्यांत आणखी एक वजाबाकी करतात. मोठ्या बाळाच्या वजनातून लहानाचे वजन वजा करून त्या फरकाला मोठ्याच्या वजनाने भागतात आणि शंभराने गुणतात. समजा, २८ व्या आठवड्यात एक बाळ १२०० ग्रॅमचे आणि दुसरे १०८० ग्रॅमचे आहे. फरक आला १० टक्के. सख्ख्या भावंडांत इतका फरक असायचाच. ३० व्या आठवड्यात पहिले १५४० ग्रॅम झाले आणि दुसरे १२०० च राहिले, तर फरक २२ टक्क्यांवर जातो. पहिल्याने ३४० ग्रॅम कमावले, दुसऱ्याने फक्त १२०. फरक २० ते २५ टक्क्यांच्या घरात गेला की डॉक्टर सावध होतात. एकटे माप काहीच बोलत नव्हते; दुसऱ्या मापाने धोका सांगितला.

तक्ता कोणाचा?

मोजलेले वजन ताडून पाहण्यास तक्ता लागतो. पण तो कोणत्या बाळांवरून बनविलेला? या प्रश्नावर महाराष्ट्रात मोलाचे काम झाले आहे. १९९३ साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांचे सुमारे ३.५ किलो. सोनोग्राफीने असेही दिसले की, गर्भाच्या पोटाचा घेर अठराव्या आठवड्याच्या सुमारासच युरोपातील गर्भांपेक्षा कमी होता.

पुढे जगातील आठ ठिकाणी एक मोठा अभ्यास झाला. त्यांत भारतातील एक ठिकाण होते, आपले नागपूर. निरोगी आणि पुरेसे पोषण मिळणाऱ्या चार हजारांहून अधिक मातांच्या गर्भांची मापे दर पाच आठवड्यांनी घेऊन २०१४ साली त्यावरून वाढीचे तक्ते प्रसिद्ध करण्यात आले. मातेची परिस्थिती चांगली असेल, तर निरनिराळ्या देशांतील गर्भ बरेचसे सारखेच वाढतात, असे त्यांत आढळले. पण हे तक्ते एकेकट्या बाळांचे आहेत. जुळी बाळे सुमारे २८ ते ३० आठवड्यांपर्यंत त्याच रेषेने चालतात आणि मग थोडी मंदावतात. म्हणून जुळ्यांच्या बाबतीत प्रत्येक बाळाची स्वतःची रेषा पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते. लहान असणे आणि वाढ खुंटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या रेषेवर नेटाने चालणारे लहान बाळ धडधाकट असू शकते. रेषा सोडून खाली घसरणारे बाळ मात्र काळजीचे.

एका पाटावरचे दोन वाफे

सगळी जुळी सारखी नसतात. दोन वेगवेगळ्या बीजांपासून झालेल्या जुळ्यांना प्रत्येकी स्वतंत्र वार असते. वार म्हणजे आईच्या रक्तातून बाळाकडे पोषण पोहोचविणारा अवयव. एकाच बीजाचे विभाजन होऊन झालेली एकबीज जुळी जगात सर्वत्र हजार बाळंतपणांत साधारण तीन ते चार आढळतात. हे विभाजन पहिल्या तीन दिवसांत झाले तर वारा दोन होतात. त्यानंतर झाले तर दोघांत वार एकच असते. एकबीज जुळ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जुळ्यांत वार सामाईक असते.

शेतात दारे धरणाऱ्याला यातील धोका लगेच कळेल. एका पाटावर दोन वाफे आहेत आणि मधला बांध फुटला आहे. पाणी एकाच वाफ्याकडे धावते. तो तुंबतो, दुसरा कोरडा पडतो. सामाईक वारेत दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. अशा जुळ्यांपैकी सुमारे १० ते १५ टक्क्यांत एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे अधिक वाहू लागते. देणाऱ्या बाळाचे रक्त कमी पडते, त्याची लघवी कमी होते आणि त्याच्याभोवतीचे गर्भजल आटते. घेणाऱ्याच्या हृदयावर ताण येतो आणि त्याच्याभोवती पाणी साचते. एका बाजूस पाण्याची खोली २ सेंटिमीटरहून कमी आणि दुसऱ्या बाजूस ८ सेंटिमीटरहून अधिक, ही त्याची खूण. हा बदल काही दिवसांतही होऊ शकतो. वजनाचा फरक दिसण्यास वेळ लागतो. पाण्याची खोली मात्र लगेच दिसते. म्हणून वार सामाईक असेल तर १६ व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी तपासणी करतात. वारा स्वतंत्र असतील आणि सारे ठीक असेल, तर चार आठवड्यांचे अंतर चालते.

वेळीच कळले तर उपाय आहे. दुर्बिणीतून लेसर किरण सोडून त्या जोडवाहिन्या बंद करतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत लेसर उपचार केलेल्या गर्भारपणांपैकी ७६ टक्क्यांत निदान एक तरी बाळ जन्मानंतर २८ दिवसांपर्यंत जगले. केवळ जास्तीचे पाणी काढण्याच्या जुन्या उपायात हे प्रमाण ५६ टक्के होते.

वार एक की दोन, हे ओळखण्याची उत्तम वेळ ११ ते १४ आठवड्यांची. तेव्हा दोन बाळांमधील पडदा वारेला जेथे मिळतो तेथे पाचरीसारखा आकार दिसला तर वारा दोन, आणि इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा काटकोन दिसला तर एक. पुढे ही खूण पुसट होत जाते. गर्भाचे वयही याच वेळी अचूक ठरते, आणि वय चुकले तर पुढची सगळी वजाबाकी चुकते. परदेशांत बाळांपैकी एक मुलगा व एक मुलगी दिसली तर दोन वारा आहेत, असाही निष्कर्ष काढतात. आपल्याकडे गर्भाचे लिंग सांगणे हा गुन्हा आहे. या यंत्राचा मुली नको म्हणून दुरुपयोग होऊ लागला, तेव्हा तो रोखणारा कायदा देशात प्रथम महाराष्ट्राने १९८८ साली केला. १९९४ साली तो साऱ्या देशासाठी झाला. म्हणून आपल्याकडे पाचर आणि ‘टी’ या खुणा वेळेवर पाहणे अधिकच गरजेचे.

आगगाडीची शिटी आणि नाळेतील रक्त

फलाटावर उभे असताना न थांबणारी गाडी शिटी वाजवीत जवळ येते, तेव्हा शिटीचा स्वर चढा वाटतो आणि ती पुढे निघून जाताच एकदम उतरतो. हा डॉप्लर परिणाम. डॉप्लर यांनी तो १८४२ साली मांडला. नाळेतून वाहणाऱ्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या ध्वनीचीही कंप्रता अशीच बदलते. ध्वनी ३ मेगाहर्ट्झचा आणि रक्ताचा वेग सेकंदाला अर्धा मीटर असेल, तर फरक सुमारे १९५० हर्ट्झ येतो. गंमत अशी की, हा फरक आपल्या कानांना ऐकू येण्याजोगा आहे! तपासणीच्या खोलीत ‘हूश्श, हूश्श’ असा जो आवाज येतो तो हाच.

निरोगी वारेत हृदयाच्या दोन ठोक्यांमधील विश्रांतीच्या क्षणीही रक्त पुढे वाहतच असते. वारेचा अडथळा वाढला की हा प्रवाह क्षीण होतो, मग थांबतो आणि अखेरीस उलटा फिरतो. मागे पडलेल्या बाळाला पोटात आणखी काही दिवस राहू द्यावे की बाहेर काढावे, हा अवघड निर्णय घेताना वजनाच्या रेषेबरोबर प्रवाहाचा हा आलेखही पाहतात. जुळ्यांत हा निर्णय दुहेरी अवघड. एकासाठी घाई करावी, तर दुसरेही अपुऱ्या दिवसांचे जन्मते.

करून पाहा

एक माठ घ्या. पाच मित्रांना दोऱ्याने त्याच्या पोटाचा घेर मोजायला सांगा. एकमेकांचे आकडे पाहू देऊ नका. पाचही आकडे सारखे येतात का? त्यांत जेवढी तफावत येईल तेवढी तुमच्या मापनातील चूक. आता एका कुंडीत मुगाची दोन रोपे लावा. त्यांची उंची पट्टीने सकाळी आणि संध्याकाळी मोजा, आणि मग चार दिवसांनी मोजा. कोणत्या दोन मापांच्या वजाबाकीवर तुम्ही विश्वास ठेवाल? दोन रोपांचे दोन आलेख एकाच कागदावर काढा आणि त्यांतले अंतर वाढते आहे का ते पाहा.

एवढे केलेत की वहिनीच्या फायलीतील कागद तुम्हांला परके वाटणार नाहीत. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते. जुळे असेल, तर तिसरा महिना संपता संपता ‘वार एक की दोन?’ हा प्रश्न विचारून उत्तर लिहून घ्यायला सांगा. उत्तर ‘एक’ असे आले, तर महिन्याची एक तारीख पुरणार नाही, मधली तारीखही गाठावी लागेल. प्रत्येक तपासणीचा कागद जपून ठेवा व पुढच्या खेपेस बरोबर न्या. मागचा कागद हरवला, तर डॉक्टरांच्या हाती एकच माप उरते, आणि एका मापाने वाढ कळत नाही हे आता तुम्हांला ठाऊक झाले आहे. घरात पुन्हा कोणी ‘पुन्हा पुन्हा कशाला?’ असे विचारले, तर पाटी घ्या आणि १७० व १८४ हे दोन आकडे मांडून दाखवा.